समोरची पांढरी गॅलरी

१ जानेवारी, बुधवार

ही डायरी पतसंस्थेची, फुकटची. दर वर्षी क्रांती तिच्यात दुधाचे खाडे लिहिते. यंदा म्हणाली, "ही तुम्ही घ्या. मनातलं बोलायला गेलासा की तुमचा आवाज चढतोय, शेजारची खिडकीत येत्यात. त्यापेक्षा लिवा." बायकोच्या हुकमावरून लिहायला बसलोय. नाहीतर दहावीनंतर पेन धरलं ते फक्त दुकानात पावत्या फाडायला.

मी पिराजी. शिवाजी पेठेतल्या गजराज तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. दिवसा शाहूपुरीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, पण त्या कामावरून मला कोण ओळखत नाही. चौदा वर्षं पोस्टमध्ये उभा आहे. पेठेत म्हातारी माणसं सुद्धा मला 'गोली' म्हणून हाक मारतात.

आमच्या तालमीची एक रीत आहे, ती दुसऱ्या कुणाची नाही. बाकीच्या संघांची माणसं एका जागी बसून मॅच बघतात. आमची पेठ बसत नाही. आमचा हल्ला ज्या पोस्टवर, त्या पोस्टच्या मागच्या गॅलरीत आमची माणसं. हाफटाइमला बाजू बदलली की अख्खी गॅलरी उठते आणि ढोल, शेंगांच्या पुड्या, काखेत पोरं घेऊन दुसऱ्या टोकाला पळते. आपला गोल आपल्या नाकासमोर झाला पाहिजे, हा हट्ट. पोलिसांनी समजावून बघितलं आणि नाद सोडला. मला ह्यात एक सुख आहे. मॅचभर माझी माणसं मला समोर दिसतात, मैदानाच्या पार पलीकडं असली तरी. पोस्टमध्ये माणूस एकटाच असतो, पण मला तसं कधी वाटलं नाही.

रविवारी पहिली मॅच जिंकली. एक लांबचा फटका मी बोटांच्या टोकानं बारवरून काढला. हंगामाची सुरुवात तरी झकास झाली.

१२ जानेवारी, रविवार

तालमीला यंदा पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त धैर्यशीलनं सगळ्या पेठेला टी-शर्ट वाटले. धैर्यशील म्हणजे आमच्याकडचे होऊ घातलेले नगरसेवक. निवडणूक लागायच्या आधीच त्यांचे हात जोडलेले असतात. टी-शर्ट पांढरेफेक. छातीवर काळ्या रंगात हत्ती, आणि हत्तीच्या डोक्यावर धैर्यशीलचं मुंडकं. वाटायचं काम सम्राटनं केलं. सम्राट माझा बालवाडीपासूनचा दोस्त आणि गॅलरीचा म्होरक्या. त्याची शिट्टी वाजली की गॅलरी उठते, परत वाजली की बसते.

मैदानात उतरलो, समोर बघितलं आणि आयला, नादच खुळा! खालच्या पायरीपासून वरपर्यंत नुसतं पांढरं, आणि ते सगळं नाचतंय. अंगावर काटा आला. एवढी माणसं आपल्यासाठी येतात आणि आपण मोटारीचं ग्रीस पुसत बसतो, असं काहीतरी मनात आलं.

मॅच एक-एक सुटली. आमच्यावरचा गोल लांबून आला, अर्ध्या मैदानातून. शाळेतल्या पोरानं धरावा असा बॉल होता. पायातून सुटलेला दिसला, वर चढलेला दिसला, मग मध्येच कुठंतरी गेला, आणि परत दिसला तेव्हा माझ्या कानाशेजारून जाळीत चालला होता. डोळ्यावर ऊन आलं म्हणून सगळ्यांना सांगितलं. ऊन पाठीमागं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज दोन गोल खाल्ले. दोन्ही लांबचे, दोन्ही उंच. त्याच मॅचमध्ये पेनल्टी अडवली. जमिनीलगत आलेले फटके तर असे दाबले की समोरचे स्ट्रायकर कपाळाला हात लावत होते. म्हणजे हातपाय धड आहेत. फक्त तो उंचावरून येणारा बॉल. तो दिसत नाही, हे लिहायची सुद्धा भीती वाटते. लिहिलं बघा. दिसत नाही.

मॅचनंतर सम्राट सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय मर्दा, घरात झोप हुत न्हाय काय?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन अनुजावर खेकसलो. अनुजा माझी लेक, दुसरीत आहे. तिची पेन्सिल हरवली होती आणि ती शोधून द्या म्हणाली, एवढंच तिचं चुकलं. पेन्सिल चटईवरच पडलेली होती, पण त्या चटईची नक्षी अशी मेली की दोघांनाही सापडेना. क्रांतीनं चटई उचलून झटकली तेव्हा फरशीवर पडली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळच्या सरावाला चमनमामांनी तासभर माझ्यावर उंच बॉल मारले. चमनमामा आमचे कोच. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण फटका अजून तसाच. एकही सुटला नाही. आमच्या सरावाच्या मैदानाला पलीकडं चिंचेची झाडं आहेत, गर्द. त्यांच्यासमोरून बॉल यायला लागला की त्याच्यावरचं कंपनीचं नाव वाचावं एवढा स्वच्छ दिसतो.

मामा धापा टाकत म्हणाले, "पिऱ्या, नजर तर तुझी घारीची हाय. मग मॅचला काय हुतंय?"

"टेन्शन येत असंल, मामा."

"चौदा वर्सं आलं न्हाई ते आत्ता आलं व्हय?"

राजवीर बाजूला उभा राहून ऐकत होता. आमचा दुसरा गोलकीपर, एकोणीस वर्षांचा, दोन हंगाम बाकावर बसून कंटाळलेला. पोरगं वाईट नाही. पण त्याच्या जागी मी असतो तर मनातल्या मनात उड्या मारल्या असत्या, आणि तोही मारत असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुणाला न सांगता राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. सगळी तपासणी झाली. थेंब घातले, उजेड मारला, बारीक अक्षरं वाचून घेतली. सगळ्यात खालची ओळ सुद्धा मी धडाधड वाचली. बाई म्हणाल्या, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. नेमकं कधी दिसत नाही?"

म्हटलं, मॅचमध्ये, उंच बॉल.

तर विचारतात, "बॉलच्या मागं काय असतं त्या वेळी?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, "वस्तू दिसणं हे एकट्या डोळ्यावर नसतं. मागं काय आहे त्यावरही असतं. मेथी निवडताना हिरवी अळी सुटते, तीच परातीत पडली की लगेच दिसते. अळी तीच, डोळेही तेच."

माझं डोकंच फिरलं. मी इथं आयुष्याचा प्रश्न घेऊन आलोय आणि ही बाई मला मेथी निवडायला शिकवतेय! म्हटलं, "मागं माझी माणसं असतात, मॅडम. चौदा वर्षं झाली, तीच असतात." आणि उठलो. डोळ्यात थेंब घातलेले, घरी येताना रस्ताभर सगळं धूसर. क्रांतीला सांगितलं, दुकानात धूळ गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

शाहूपुरीच्या समशेर संघाकडून हरलो. तीन-एक. तिन्ही लांबून. आता सगळ्या लीगला कळलंय की गजराजच्या गोलीवर लांबून मारायचं.

तिसऱ्या गोलला मी हलायच्या आधीच बॉल जाळीत होता. नुसता खांबासारखा उभा. पलीकडच्या पांढऱ्या गॅलरीतून पहिल्यांदा एकाचा आवाज आला, मग दहांचा, मग सगळ्यांचा. एवढ्या लांबून शब्द कळत नाहीत, पण हा कळला. "ईकला! ईकला!"

मी विकला गेलो म्हणे. शाहूपुरीत नोकरी करतो, तिथंच सौदा झाला म्हणे. मी सम्राटकडं बघत होतो, तो शिट्टी वाजवून गप करेल म्हणून. त्यानं शिट्टी खिशात घातली.

२ मार्च, रविवार

मॅच नव्हती. बरं झालं.

दिवाळीत फ्रिज घेतला होता, हप्त्यावर. आता गल्लीत बोलणं चाललंय की तो समशेरच्या पैशाचा. च्यायला, घेतला ऑक्टोबरात आणि विकलो गेलो फेब्रुवारीत, एवढं तरी गणित घाला! क्रांती नळावर दोघींशी भांडून आली. नंतर भांडी आपटत होती. मी विचारलं, "तुला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचंय? तुम्हाला साधं खोटं बोलता येत न्हाई. थेंब घातलेलं डोळं घिऊन आलासा आणि म्हणता धूळ गेली. तुम्ही काय मॅच ईकणार?"

एवढं बरं वाटलं की रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून गच्चीवर गेलो.

आई म्हणते, दृष्ट लागली आहे. टी-शर्टवर फोटो छापून घेणाऱ्या माणसाची लागली म्हणते. मी हसलो, पण दृष्ट काढून घेईन म्हणतोय. दुसरं काय राहिलंय?

२३ मार्च, रविवार

उपांत्य सामना. काय लिहू आणि कसं लिहू!

गॅलरीनं बहिष्कार टाकला. सम्राटनं सकाळीच निरोप धाडला होता, "ईकलेल्या माणसाम्होरं आमी बसत न्हाई." आले सगळे, त्याच टी-शर्टात, पण पूर्वेच्या लांबट गॅलरीत जाऊन बसले, तोंडं मिटून. ढोल नाही, शिट्टी नाही, काही नाही. माझ्या समोरचं टोक मोकळं. नुसत्या सिमेंटच्या काळपट पायऱ्या आणि एक कुत्रं. हाफटाइमला कुणी पळालं नाही. चौदा वर्षांत एवढं उघडं पडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

आणि देवाशपथ सांगतो, बॉल कलिंगडाएवढा दिसत होता! त्यांनी लांबून मारलं, परत मारलं, सारखं मारलं. पायातून सुटल्यापासून हातात येईपर्यंत एक इंच सुद्धा चुकला नाही. शेवटचा तर मी हसत धरला. एक-शून्य जिंकलो. अंतिम फेरी!

आईनं काल मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या. तडतडल्या पण नाहीत. आई म्हणाली, "बग, केवढी दृष्ट हुती." मला आता कबूल करायला लाज नाही. उतरली.

चमनमामांनी मिठी मारली आणि सोडेनात.

२४ मार्च, सोमवार

फेटा बांधतील असं वाटलं होतं. मूर्ख आहे मी.

तालमीच्या कट्ट्यावर सम्राट उभा होता. मी आपण होऊन गेलो. म्हटलं, "आता तरी पटलं का?"

"पटलं की. चांगलंच पटलं." माझ्याकडं न बघता बोलत होता. "आमी पाठ फिरीवली, तुझं बिंग फुटलं, तवा कुटं इमानदारीनं खेळलास. म्हंजी तुला समदं दिसतंय. म्हंजी आदी मुद्दाम सोडत हुतास."

हरलो तर विकला, जिंकलो तर आधी विकला होता! त्याच्या जागी मी असतो तर मलाही हाच हिशोब पटला असता. चीड ह्याचीच येते.

तो पुढं म्हणाला, "फायनलला समोर बसणार हाय आमी. सगळी. बगतोच कसा सोडतोस ते."

२८ मार्च, शुक्रवार

पाडव्याच्या आधी क्रांती घरातलं सगळं धुवायला काढते. गच्चीत दोरीवर चार पांढऱ्या चादरी घातल्या होत्या, काळ्या बुट्ट्यांच्या. अनुजाला शाळेला सुट्टी, मी दुकानातून लवकर आलेलो. तिचा छोटा पांढरा-काळा फुटबॉल घेऊन खेळत होतो. ती चादरींच्या पुढं, मी जिन्याजवळ. तिनं उंच फेकला. धाडकन नाकावर!

"पप्पा, पकडा की!"

परत फेकला. कपाळावर. परत. चुकला, खाली गेला, शेजारच्यांच्या कुरडयांत पडला, शिव्या खाऊन घेऊन आलो. अनुजा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही मुद्दाम सोडताय."

स्वतःची पोर तेच बोलली.

मी तिला म्हटलं, तिकडं पाण्याच्या टाकीपुढं उभी राहा. टाकी काळी आहे. तिनं फेकला. दिसला, धरला. परत चादरींपुढं. गेला. परत टाकीपुढं. धरला. परत चादरी. ती कंटाळली, तिला चॉकलेट कबूल केलं. दहा-बारा वेळा तेच. अनुजा तीच, बॉल तोच, मी तोच.

डॉक्टरीणबाईंना मी काय काय बोललो होतो!

मग एकेक मॅच डोळ्यासमोरून गेली. टी-शर्टाच्या आधीची, नंतरची. जमिनीवरचा बॉल हिरवळीवर दिसतो, तो धरला. उंच बॉलच्या मागं माझी माणसं, पांढरी, काळ्या ठिपक्यांची, नाचणारी. आणि बॉलही पांढरा, काळ्या ठिपक्यांचा. त्यांनी माझ्याकडं पाठ फिरवली त्या दिवशी मला दिसायला लागलं. मी गच्चीतच बसलो. हसू येत होतं आणि थांबेना. क्रांती वर आली, तिला वाटलं मी गेलो कामातून.

२९ मार्च, शनिवार

सम्राटला गाठलं. सगळं सांगितलं, चादरी, टाकी, सगळं. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन इतका हसला की कट्ट्यावरची बाकीची पोरं जमली. त्यांना त्यानं परत सांगितलं. एकजण ओरडला, "नाचता येईना अंगण वाकडं!"

"आमी तुला दिसायचं म्हणून समोर बसलो," सम्राट म्हणाला, आता हसत नव्हता, "आनि आता आमच्यामुळं दिसत न्हाई व्हय रं? उद्या म्हणशील पेठंमुळं श्वास येत न्हाई."

मी शिवी दिली. त्यानं कॉलर धरली. लोकांनी सोडवलं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभी केली. श्रीखंड गोड लागलं नाही.

चमनमामा दुपारी घरी आले, चहाला नको म्हणाले, तेव्हाच समजलो. समितीचं ठरलंय, अंतिम सामन्याला राजवीर. मामांनी विरोध केला, चाललं नाही. "धैर्यशीलनं सांगितलंय, डागाळलेला माणूस पोस्टमदी नको."

त्यांनाही मी चादरींचं सांगणार होतो. सांगितलं नाही. का, ते इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही. माझ्या मनात आलं, उतरू दे की राजवीरला. समोर पांढरी गॅलरी, वरून बॉल. तोही खांबासारखा उभा राहील. एक खाईल, दोन खाईल. मग पेठेला कळेल. मी बाकावर हाताची घडी घालून बसेन आणि काहीच बोलणार नाही.

दिवसभर हा विचार चघळला. चव चांगली होती, खोटं का बोलू? पण संध्याकाळी बाजारात राजवीर भेटला, आईची पिशवी धरून चालला होता. मला बघून ओशाळला, म्हणाला, "दादा, मी मागितलं न्हवतं." एकोणीस वर्षांचं पोरगं. त्याला "ईकला" म्हणतील ते तो जन्मभर ऐकेल. मी तेहतीसचा, लेक दुसरीत, तरी मला सोसवेना.

"उद्या सकाळी मैदानावर लवकर ये," एवढंच म्हटलं.

४ एप्रिल, शुक्रवार

चार दिवस लागले सम्राटला मैदानावर आणायला. माझ्या सांगण्यावरून तो आलाच नसता. मामांनी आणला, कानाला धरून म्हटलं तरी चालेल. राजवीरला मी सोमवारीच मैदानावर चादरी टांगून दाखवलं होतं. त्यानं तीन बॉल सोडले आणि पांढराफटक पडला.

तालमीत टी-शर्टांचा एक गठ्ठा उरलेला होता. तो आम्ही चिंचेच्या झाडांमध्ये दोऱ्या बांधून वाळत घातला, वरपासून खालपर्यंत. वारा होता, टी-शर्ट हलत होते, धैर्यशीलची मुंडकी डोलत होती. त्यांच्यापुढं बॉल ठेवून चमनमामा. इकडं पोस्टमध्ये सम्राट, टाइट पँट आणि चप्पल घालून.

"धरायचा न्हाई," मी म्हटलं. "नुसता बोटानं दाखवत राहा, कुठनं येतोय."

पहिला फटका. सम्राटचं बोट वर गेलं आणि आभाळात फिरत राहिलं. बॉल खांद्यावर बसला. "वारं हाय," म्हणाला. दुसरा थेट तोंडावर. ओठ फुटला. राजवीर पाणी घेऊन धावला, त्याला हातानंच थांबवलं. "आनि एक मारा, मामा." तिसरा डोक्यावरून गेला आणि हा अजून समोरच बघतोय.

दोऱ्या सोडल्या. मागं नुसती चिंच राहिली. मामांनी मारला, आणि सम्राटचं बोट पहिल्यापासून बॉलवर, पार हातात येईपर्यंत. त्यानं तो चक्क धरला. जन्मात कधी बॉल धरला नव्हता त्यानं.

बॉल पोटाशी धरून तसाच खाली बसला.

"आमीच तुला आंधळा केला व्हय रं?"

मी सोडलेल्या दोऱ्या गुंडाळायला लागलो. खूप बोलायचं ठरवून आलो होतो.

"टी-शर्ट काढा म्हटलं तर धैर्यशील फुगंल, निम्मी पोरं त्याची हायत," तो स्वतःशीच बोलत होता. "आनि तिकडं न्हाई बसायचं म्हटलं तर आपला गोल कसा दिसंल? पन्नास वर्सं बसतोय." मग उठला, ओठ पुसला, "बगतो" म्हणाला आणि गेला. आजच्या तारखेला 'बगतो' ह्या शब्दावर माझा किती विश्वास आहे ते क्रांतीला विचारा.

मामांनी समितीला ठणकावलं, पिराजी खेळणार, नाहीतर मी येत नाही. राजवीरही म्हणाला, दादाच खेळू देत.

१२ एप्रिल, शनिवार

सम्राटचा फोन नाही. मी पण केला नाही. दुकानात आज मोटारीची एक वायर उलटी जोडली.

१३ एप्रिल, रविवार

आधीच लिहून टाकतो, हरलो. समशेर एक, आम्ही शून्य.

मैदानात उतरलो तर समोरचं टोक गच्च. पांढरं, नाचतंय, ढोल वाजतोय. म्हटलं, संपलं. राजवीर बाकावरून माझ्याकडंच बघत होता, त्याला नुसतं हातानं 'असू दे' केलं. रेफ्रीनं घड्याळ बघितलं. तेवढ्यात सम्राटची शिट्टी वाजली. लांब, मग परत लांब. आणि गॅलरी उठली. हाफटाइम नाही, काही नाही, मॅच सुरू व्हायची आहे, आणि ही माणसं ढोल, पुड्या, पोरं घेऊन पळायला लागली. समशेरची माणसं उभी राहून बघायला लागली, हे काय खूळ म्हणून. पोलीस काठ्या घेऊन मागं. पळत पळत ती सगळी आली ती माझ्या पाठीमागं, माझ्या पोस्टच्या मागच्या गॅलरीत. समोर राहिली ती धैर्यशीलभोवतीची पंचवीस-तीस डोकी आणि बाकी सगळं सिमेंट.

चौदा वर्षं मी ह्या माणसांना लांबून बघितलं होतं. एवढ्या जवळून पहिल्यांदा ऐकली. बाप रे! शेंगा फोडलेल्या ऐकू येतात. "पिऱ्या, डावीकडं सरक!" "पिऱ्या, बुटाची नाडी!" एक म्हातारा मॅचभर मला नुसत्या शिव्या घालत होता, प्रेमानं. हाफटाइमला बाजू बदलली, आणि तेही सगळे पळत परत माझ्या मागं.

त्यांना पलीकडचं काही दिसत नव्हतं. आपला हल्ला पार त्या टोकाला. दुसऱ्या हाफमध्ये तिकडं एकच गर्दी झाली, बॉल बारखाली आपटला, त्यांचा गोली त्याच्यावर पडला. आमची पोरं हात वर करून ओरडायला लागली. रेफ्रीनं मान हलवली. पाठीमागं गॅलरी खवळली. बाटल्या हातात आल्याचा आवाज मला आला. एक बाटली पडली असती तर मॅच बंद आणि तालमीवर बंदी. सम्राट जाळीशी येऊन ओरडला, "पिऱ्या! गेलता का आत?"

मला स्वच्छ दिसलं होतं. 'गेला' म्हटलं असतं तर त्या क्षणी पेठ माझी होती.

"न्हाई," मी म्हटलं. "लाइनीवरच हुता."

सम्राटनं शिट्टी वाजवली. सगळे खाली बसले.

आणि मॅच संपत आली तेव्हा समशेरच्या दहा नंबरनं मारला. लांबून, उंच, अर्ध्या मैदानातून, तसाच. त्या राखाडी पायऱ्यांवरून तो फिरत येताना मला पहिल्यापासून दिसला. मी वेळेवर उडालो, पुरता ताणलो, बोटाचं नख लागलं. खांबाला आतून लागून जाळीत.

पडलो तसा पडून राहिलो. मागं वळायची हिंमत होईना. अख्खी पेठ माझ्या पाठीला, दहा हातांवर, आणि एकही आवाज नाही. तो एक शब्द यायचा म्हणून मी कान बंद करून घ्यायला बघत होतो.

जाळीला कुणीतरी येऊन लागलं. सम्राट होता. हळू विचारलं, "दिसलता?"

"दिसलता. अख्खा दिसला. हात पुरला न्हाई."

"मग ऊठ की मर्दा," तो म्हणाला. "अजून पाच मिन्टं हायत."